आधीच भरून आलेलं विवरणपत्र

हौशी : यंदा प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायला मला अठरा मिनिटं लागली. घड्याळ लावून बसलो होतो. फॉर्म उघडला तेव्हा पगार, बचत खात्याचं व्याज, दोन कंपन्यांचा लाभांश, कापलेला टीडीएस, सगळं आधीच भरलेलं. फॉर्म सोळा शेजारी ठेवून आकडे ताडून पाहिले, आधारचा ओटीपी टाकला, झालं. नवव्या दिवशी रिफंड खात्यात जमा. माझे वडील जुलैच्या शेवटच्या आठवड्यात अर्धी रजा टाकून चर्चगेटच्या आयकर भवनात रांगेला लागायचे. पोचपावतीवरचा शिक्का नीट उमटला नाही तर पुन्हा खिडकीशी हुज्जत. रिफंडचा चेक पोस्टाने यायचा आणि त्यावर नाव चुकलेलं असलं की बँक तो घ्यायची नाही. एका पिढीत एवढा फरक पडला, तरी आपण पोर्टलच्या नावाने बोटं मोडतो.

शंकेखोर : रांग गेली याचं सुख मलाही आहे. माझा प्रश्न त्या अठरा मिनिटांचा आहे. तेवढ्यात तुम्ही नेमकं काय केलंत? विवरणपत्र म्हणजे मी माझ्या मिळकतीचं विवरण द्यायचं. मी सांगायचं आणि खात्याने तपासायचं, असा तो व्यवहार होता. आता खातंच सांगतं की तुम्ही एवढे कमावलेत, आणि आपण मान डोलावतो. लग्नाची यादी एका पक्षाने घरी बसून लिहून आणावी आणि दुसऱ्याने खाली सही करावी, तसा हा प्रकार. यादी बरोबर असेल तर प्रश्नच नाही. चुकली असेल तर मात्र ‘असं ठरलं नव्हतं’ हे पटवून द्यायची पाळी सही करणाऱ्यावर येते.

हौशी : ‘मी सांगायचं’ म्हणजे प्रत्यक्षात काय होतं, तेही आठवा. पगारदाराचा कर पगारातूनच कापला जायचा, त्याला लपवायला जागा नव्हती. बाकीच्यांनी जेवढं सांगितलं तेवढंच त्यांचं उत्पन्न. तुम्ही ज्याला सांगण्याचं स्वातंत्र्य म्हणता, ते बऱ्याच जणांसाठी न सांगण्याचं स्वातंत्र्य होतं. आता बँका व्याज कळवतात, म्युच्युअल फंड विक्री कळवतात, ३० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घराचा व्यवहार दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून कळवला जातो. नोव्हेंबर २०२१ पासून हे सगळं वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे सगळे ज्याला एआयएस म्हणतात त्यात, आपल्यालाही वाचायला मिळतं. खात्याकडे माझ्याबद्दल काय माहिती आहे, ते मला नोटीस येण्याआधी कळतं. आमच्या इमारतीतल्या एका काकूंना त्यातूनच आपली विसरलेली मुदत ठेव सापडली.

शंकेखोर : तुमच्या काकूंना विसरलेली ठेव सापडली, माझ्या आत्याला कधीच न मिळालेले २४ लाख सापडले. साताऱ्याला आजोबांचं घर होतं. आत्या आणि दोन काका, तिघांनी मिळून ते ३६ लाखांना विकलं. प्रत्येकाच्या वाट्याला १२ लाख. विवरणात मात्र तिघांच्याही पॅनवर ३६-३६ लाख चढले. म्हणजे कागदोपत्री ते घर एक कोटी आठ लाखांना गेलं. आत्या ७१ वर्षांची, पेन्शनवर जगणारी. फोनवर ती ओळ दाखवली तेव्हा तिने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि विचारलं, “मग बाकीचे गेले कुठे?” त्या ओळीवर अभिप्राय द्यायची सोय आहे. माहिती बरोबर आहे, पूर्णपणे बरोबर नाही, दुसऱ्या पॅनची आहे, दुबार आली आहे, मान्यच नाही, असे पर्याय आहेत. आम्ही ‘पूर्णपणे बरोबर नाही’ निवडून १२ लाख लिहिले. खरेदीखताची प्रत माझ्या मांडीवर होती. त्यात तिघांची नावं होती, तीन चेकचे नंबर होते. पण ती प्रत सरकवायची कोणापुढे? आमचा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी जाऊन बसला, एवढंच झालं.

हौशी : यात यंत्र कुठे चुकलं? माहिती भरताना कोणीतरी हिस्सा लिहिला नाही, ही माणसाची चूक. यंत्राने ती उजेडात आणली. कागदाच्या काळात हीच चूक वर्षा-दोन वर्षांनी नोटिशीच्या रूपाने दारात उभी राहिली असती आणि तेव्हा खरेदीखत कुठल्या ट्रंकेत आहे ते आठवलंही नसतं. मे २०२४ पासून तर आपला अभिप्राय माहिती पाठवणाऱ्याकडे गेला का, त्याने तो मान्य केला की फेटाळला, हेसुद्धा दिसतं. चूक वेळेत दिसली की अर्धी सुटते.

शंकेखोर : आणि उरलेली अर्धी कोणी सोडवायची? माझं म्हणणं तिथे सुरू होतं. चूक कोणाचीही असो, तिच्यामागे धावायचं काम माझ्याकडे आलं. याच विवरणासोबत खातं एक सूचनाही देतं की यात सगळीच माहिती असेल असं नाही, करदात्याने खातरजमा करून खरं आणि पूर्ण विवरण द्यावं. यादी त्यांची, खातरजमा माझी. आता व्याजाचे दर बघा. मी कर भरायला उशीर केला तर महिन्याला १ टक्का. त्यांच्याकडून माझा रिफंड लांबला तर महिन्याला अर्धा टक्का. मुदत चुकवली तर ५,००० रुपयांपर्यंत शुल्क. जून २०२१ मध्ये नवं पोर्टल सुरू झालं आणि अडखळत राहिलं, तेव्हा त्यांच्याकडून कोणी शुल्क घेतलं? मुदत वाढवली, ३१ डिसेंबरपर्यंत नेली. सप्टेंबर २०२५ मध्ये १५ तारखेची मुदत एका दिवसाने वाढली ती मध्यरात्रीच्या तोंडावर, लोक ओटीपीची वाट बघत जागे असताना. मुदतवाढ ही मेहरबानी असते. मेहरबानीवर तक्रार करता येत नाही.

हौशी : व्याजाच्या दराबद्दल तुमच्याशी वाद नाही, तो अन्यायच आहे. पण तो कायद्यात लिहिलेला अन्याय आहे आणि पोर्टलच्या आधीपासूनचा आहे. तुम्हाला टेबल हवंय, खिडकी हवीय. ३१ जुलै २०२४ पर्यंत ७ कोटी २८ लाखांहून जास्त विवरणपत्रं आली. इतक्या माणसांना पुरतील एवढी टेबलं कुठून आणणार? आणि टेबलापलीकडचा माणूस तुम्ही फार प्रेमाने आठवताय. माझ्या मामांचं रंगाचं दुकान होतं. फाइल पुढे सरकायला चहापाणी लागायचं, आणि चहापाण्याचा दर फाइलच्या जाडीवर ठरायचा. आता छाननी करणारा अधिकारी कुठल्या शहरात बसलाय हे मला माहीत नाही आणि मी त्याला दिसत नाही. २०२० पासून चेहराविरहित तपासणी हाच नेम झाला. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या प्रत्येक पत्राला संगणकावर निघालेला क्रमांक लागतो, तो पोर्टलवर पडताळता येतो. कोणीतरी उठून साध्या कागदावर धमकी लिहायची सोय बंद झाली. मामांना हे मिळालं असतं तर दुकान मुलाकडे देताना ते ‘या खात्यापासून जपून राहा’ म्हणाले नसते.

शंकेखोर : त्या चेहऱ्याला तोंड होतं, ते चहा मागायचं, मान्य. पण त्याला कानही होते. आता कान आहेत की नाहीत ते कळत नाही. ऑक्टोबर २०२५ मधली मुंबई उच्च न्यायालयापुढची गोष्ट घ्या. एका कंपनीच्या चेहराविरहित तपासणीच्या आदेशात निकालांचे दाखले दिले होते, आणि ते निकाल अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने आदेश रद्द करून प्रकरण नव्याने ऐकायला परत पाठवलं आणि सांगितलं की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात यंत्राने दिलेलं पडताळून घेतल्याशिवाय वापरू नका. समोरासमोरच्या सुनावणीत ‘साहेब, हा निकाल कुठे छापलाय?’ असं कोणीतरी विचारलं असतं.

हौशी : आणि न्यायालयात विचारलंच की! आदेश रद्द झाला. जुन्या काळी अधिकारी हाताने चुकीचे आदेश लिहायचे तेव्हाही अपीलच करावं लागायचं. खोटा दाखला देणं हे आळशी माणसाचं लक्षण आहे. यंत्राने त्या आळसाला वेग दिला, एवढं मी मानतो.

शंकेखोर : मग आळसाचा प्रश्न नसलेलं उदाहरण देतो. आर्थिक वर्ष २०२३-२४, नवी करप्रणाली. ७ लाखांपर्यंत एकूण उत्पन्न असेल तर २५,००० रुपयांपर्यंत करसवलत, कलम ८७अ. समजा, वजावटीनंतर पगाराचे ५ लाख आहेत आणि शेअर विकून १ लाखाचा अल्पकालीन नफा झालाय. पगारावर १०,००० कर, नफ्यावर १५ टक्क्यांनी १५,०००, मिळून २५,०००. सवलत तेवढीच, कर शून्य. ४ जुलै २०२४ रोजी विवरणपत्र भरणाऱ्याला पोर्टलने शून्य दाखवलं. ५ जुलैला खात्याने सॉफ्टवेअर बदललं. ६ तारखेला बसणाऱ्याला शेअरच्या नफ्यावर सवलत मिळेना. उपकर धरून १५,६०० रुपये भरायचे. दोन तारखांच्या मध्ये संसदेने काही बदललं नव्हतं. संविधानाचं २६५वं कलम सांगतं की कायद्याच्या अधिकाराशिवाय कर लावता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही. इथे एका रकान्याने तो लावला. आणि रकान्याशी वाद घालता येत नाही. अधिकारी ‘नाही’ म्हणाला तर कारण लिहून देतो, ते घेऊन वरच्या दारात जाता येतं. रकाना नुसता करडा पडतो, त्यात आकडाच टाकता येत नाही.

हौशी : पुढचंही सांगा. करसल्लागारांची मुंबईतली एक संस्था उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये मुदत १५ जानेवारीपर्यंत वाढवायला लावली आणि २४ जानेवारी २०२५ च्या निकालात सांगितलं की दावा करण्याची वाट सॉफ्टवेअरने अडवायची नाही. पण सवलत मिळायलाच हवी, असं न्यायालय म्हणालं नव्हतं. त्याचा निर्णय अधिकाऱ्यांनी कायद्याप्रमाणे घ्यायचा होता. नंतर २०२५ च्या वित्त कायद्याने पुढच्या काळासाठी स्पष्टच केलं की शेअरच्या नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नावर ही सवलत नाही. ज्यांना सवलत आधी मिळाली आणि मग मागणी आली, त्यांनी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत कर भरला तर व्याज माफ, असंही परिपत्रक निघालं. सॉफ्टवेअरने लावलेला अर्थ चूकच होता असं तुम्ही छातीठोक सांगू शकत नाही.

शंकेखोर : मी तसं म्हणतही नाही. अर्थ बरोबर असेल, चूक असेल. मुद्दा असा की ‘मला असं वाटतं’ हे मांडायची जागाच फॉर्मवरून पुसली गेली होती. ती परत मिळवायला उच्च न्यायालय लागलं, आणि तेही संस्था होती म्हणून. १५,६०० रुपयांसाठी एकटादुकटा माणूस वकील लावेल का? तो गुपचूप भरून टाकतो. नुकसान थोडं आणि फार जणांचं असलं की ते कोणाचंच राहत नाही.

हौशी : हे मात्र मला पटतं. नियम सॉफ्टवेअरमध्ये उतरवला की तो कसा उतरवला हे आधी जाहीर व्हायला हवं, आणि ऐन हंगामात तो गुपचूप बदलता कामा नये. पण आता आपल्याकडेही बघा. खोट्या भाडेपावत्या, न दिलेल्या देणग्या, कधीही न पाहिलेल्या पक्षाला दिलेला निधी दाखवून रिफंड मिळवून देणारे दलाल कोणाच्या जिवावर जगत होते? ‘सगळेच करतात’ म्हणणाऱ्यांच्या. आणि आपलं कराबद्दलचं मत बनतं कुठे? जेवणाच्या सुट्टीत आणि व्हॉट्सॲपवर. अर्थसंकल्पात १२ लाखांपर्यंत कर नाही असं ऐकलं की लोक ठरवून टाकतात, आता विवरणपत्रही नको. प्रत्यक्षात नव्या प्रणालीत मूळ करमुक्त मर्यादा ४ लाखांचीच आहे. त्यावर उत्पन्न गेलं की विवरणपत्र भरायचंच. ६०,००० पर्यंतची सवलत मागून मगच कर शून्यावर येतो. विवरणपत्र न भरणाऱ्याचा कापलेला टीडीएस तिकडेच राहतो आणि तो सरकारला शिव्या घालतो. दुसरी अफवा अशी की १ एप्रिल २०२६ पासून खातं सगळ्यांचे मेसेज वाचणार.

शंकेखोर : अफवा चूक आहे, तिचं मूळ मात्र हवेत नाही. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याचं २४७वं कलम झडतीबद्दल आहे. झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला संगणक आणि ‘आभासी डिजिटल जागा’ उघडायचा अधिकार त्यात आहे, आणि त्या जागेच्या व्याख्येत ईमेल, समाजमाध्यमं, ऑनलाइन खाती सगळं येतं. तो अधिकार झडतीपुरता आहे, हे अफवा पसरवणारा गाळतो. ती जागा केवढी मोठी झालीय, हे अफवा खोडणारा गाळतो. मधला माणूस दोन्हीकडचं अर्धंच ऐकतो आणि घाबरतो.

हौशी : पण हा कायदा वाचायला सोपा करण्यासाठीच तर आणला. १९६१ च्या कायद्याची कलमं वाढत वाढत ८१९ झाली होती, नव्यात ५३६ आहेत. ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ यांचा घोळ संपवून एकच ‘कर वर्ष’ आणलं. किती जण चलनावर चुकीचं आकारणी वर्ष टाकून वर्षभर हेलपाटे घालत होते! पहिल्या मसुद्यात उशिरा विवरणपत्र भरणाऱ्याला रिफंड नाकारणारी तरतूद होती. संसदेच्या प्रवर समितीपुढे ती आली, टीका झाली, ती काढली गेली. आक्षेप घेतला की तो ऐकला जातो, याचं हे उदाहरण.

शंकेखोर : चांगलं उदाहरण आहे, आणि तुम्ही नकळत माझीच बाजू मांडलीत. मसुदा छापला होता म्हणून तो वाचता आला, वाचता आला म्हणून आक्षेप घेता आला, आणि आक्षेपाला उत्तर देणं समितीला भाग होतं. ५ जुलैच्या सॉफ्टवेअरला मसुदा नव्हता. आत्याच्या ३६ लाखांना समिती नाही. यंत्र हवं की माणूस हवा, असा हा वादच नाही. यंत्र एक सांगतं, मी दुसरं सांगतो. निकाल लागेपर्यंत कोणाचं खरं धरायचं?

हौशी : प्रश्न नेमका आहे. माझं उत्तर असं की तोवर नोंद खरी धरावी, पण खोडून काढायची पूर्ण मुभा ठेवून. नाहीतर जो तो ‘मान्य नाही’ दाबून मोकळा होईल आणि मामांचा काळ परत येईल. विवरणपत्रात दुरुस्ती करण्याआधी खातं तुम्हाला कळवतं आणि उत्तरासाठी ३० दिवस देतं, हे विसरू नका.

शंकेखोर : मला ३० दिवस. आणि माझ्या अभिप्रायाला उत्तर द्यायला त्यांना किती? तेवढेच दिवस त्यांच्यावरही बांधा, ते उलटले तर माझा आकडा खरा धरा. मग नोंद तोवर खरी धरायला माझी हरकत नाही. उत्तराखाली कोणाचं तरी पदनाम असू द्या.

हौशी : पदनाम आलं की माणूस कळतो, माणूस कळला की ओळख निघते, ओळख निघाली की चहापाणी. आणि दिवस उलटले म्हणून आकडा खरा धरायचा तर खोटारडे दिवसच मोजत बसतील.

शंकेखोर : मग नाव नको, क्रमांक द्या. पण उत्तर देणारा क्रमांक द्या. खोटारड्यांच्या भीतीने खऱ्याला ताटकळत ठेवायचं, हा हिशेब मला जमत नाही.

हौशी : आणि खऱ्याच्या सोयीने खोटारड्याला वाट करून द्यायची, तो मला जमत नाही. आत्यांच्या अभिप्रायाचं काय झालं?

शंकेखोर : अजून काही नाही. विवरणपत्र मी १२ लाख धरून भरलंय आणि खरेदीखताची प्रत पोर्टलच्या पासवर्डशेजारी ठेवलीय. एक कबूल करतो. ते मी घरी बसून, रात्री साडेदहाला भरलं. ७१ वर्षांच्या बाईला रांगेत उभं करायला मीही तयार नाही.

हौशी : मग मीही कबूल करतो. त्या अठरा मिनिटांत मी एआयएस उघडलंच नाही. भरून आलेले आकडे फॉर्म सोळाशी जुळले, पुढे गेलो. काकूंची ठेव मी तुम्हाला कौतुकाने सांगितली, स्वतःची यादी वाचली नाही.

शंकेखोर : ओटीपी टाकण्याआधी जे वाक्य येतं, ते वाचलंत?

हौशी : कोण वाचतं?

शंकेखोर : त्यात लिहिलेलं असतं की माझ्या माहितीप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे हे विवरण खरं आणि पूर्ण आहे. फॉर्म कोणीही भरलेला असो, त्या वाक्यात नाव आपलं असतं, आणि वडिलांचंही.